डेव्हिएशन

नळस्टॉपच्या त्या ऑफिसात एसी इतका
की मी पदर दोन्ही खांद्यांवर घेते.
तेजस कुदळे स्क्रीन माझ्याकडे वळवतो:
पंधरा दिवस, सहा देश,
शेवटी पॅरिस, आणि पॅरिसच्या शेवटी
बटाटेवडा, ठळक अक्षरांत.

मी म्हणते, त्यानंतर मला तीन दिवस समुद्र हवा.

"मग नीस करू या, काकू. ऊन छान,
आपली बरीच मंडळी जातात."
तो नको. पश्चिमेचा.
ब्रेस्टच्या खाली, जिथं बिस्के सुरू होतो.
तो नकाशा बोटांनी ताणतो,
फ्रान्सचं नाक त्याच्या नखाखाली येतं.
"तिथं आपलं जेवण नाही मिळणार."
दशम्या नेईन म्हणते.

ग्रुप पुढं जाऊ द्यायचा, आपण मागं राहायचं,
याला त्यांच्याकडे डेव्हिएशन म्हणतात.
अठ्ठावीस हजार, वर टॅक्स.
मला हसू येतं. हा शब्द मी
बत्तीस वर्षं सरकारी खर्चानं वापरला.

वेधशाळेत होते मी, सिमला ऑफिसच्या दगडी इमारतीत.
जहाजांच्या वह्या यायच्या,
दमट हवेनं फुगलेल्या, कडांना डिझेलचा वास.
मी आकडे पंच करायचे.
ढग आठांशात, लाट अर्ध्या-अर्ध्या मीटरात,
समुद्राची स्थिती शून्य ते नऊ.
शून्य म्हणजे आरसा.
सहा म्हणजे आमटी वाटीत राहत नाही.
नऊ मी दोनदाच पंच केला,
दोन्ही वेळा बारटक्केसाहेब खुर्चीमागं येऊन म्हणाले,
नीट बघा, सहाच असेल उलटा.

पुणं समुद्राहून साडेपाचशे मीटर उंच.
रोज सकाळी इथल्या हवेचा दाब
आम्ही हिशेबानं समुद्रसपाटीला उतरवायचो
आणि डबा खायला पुन्हा वर यायचो.

खरा समुद्र पाहिलाच नाही असं नाही.
हर्णैला, ऑफिसच्या सहलीत. ओहोटी होती.
तो लांब गेलेला, आणि आमची बस सुटायला आलेली.

सत्त्याऐंशीच्या मार्चची एक वही.
जहाज मुंबईला निघालेलं, बिस्केत, स्थिती सहा.
आकड्यांच्या शेजारी कुणा सेकंड ऑफिसरनं
बारीक अक्षरात लिहिलेलं:
मुठीएवढा पक्षी डेकवर उतरला, जमिनीवरचा.
पाणी ठेवलं. पीत नाही.
पुढच्या नोंदीत नुसते आकडे,
वारा पश्चिमेचा, लाट अकरा.
त्याच्या पुढच्या नोंदीत:
प्यायला.

शेरे पंच करायचे नसत. त्यांना कॉलमच नव्हता.
घरी येऊन श्रीरंगला सांगितलं.
मटार सोलता सोलता म्हणाला, मग? उडाला?
पुढं काही लिहिलेलं नव्हतं.
दर दोन-चार वर्षांनी, कशावरूनही,
गॅस बदलताना, लाइट गेल्यावर,
तो मध्येच विचारायचा,
काय गं, तुझ्या त्या पक्ष्याचं पुढं काय झालं?
जणू मला पत्र येणार होतं.

आता घरात तेवढं कुणी विचारत नाही.

तेजस फॉर्म सरकवतो. डेव्हिएशनचं कारण.
"लिहा काहीही. नातेवाईक, दवाखाना.
सिस्टीम रिकामं घेत नाही."
मी पेन धरून बसते.
आमच्याकडे निरीक्षण घेता आलं नाही
तर त्या जागी तिरकी रेघ मारत.
मारते.
तो तशीच टाइप करतो, एंटर दाबतो,
आश्चर्यानं म्हणतो, घेतलं की!

"सी-फेसिंग बघू?"
पश्चिमेची खिडकी बघ म्हणते, आणि उघडणारी.
"उघडणारी," तो लिहून घेतो,
आणि त्याखाली दोनदा रेघ ओढतो.

बाहेर मेट्रोच्या खांबापाशी
जुन्या सवयीनं मान वर जाते.
ढग तीन अष्टमांश. वारा पश्चिमेचा, चार नॉट.
शेरा: रिक्षा नाही म्हणतायत.